अंगण वाकडं

रेइनिकाला विकलं.
पहाटे चारच्या बातम्यांत हर्ब म्हणाला,
घसा न खाकरता, हवामान सांगावं तसं.
मी बर्फगाडीचं पातं खाली सोडलं ते थेट
फुटपाथच्या कडेवर.
ठिणग्या उडाल्या. पालिकेचं नुकसान, लिहून घ्या,
चालक लोरेटा शिमान्स्की, बावीस हिवाळे नोकरी.

एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसते मी,
खांबामागे. अर्धा गोल मला दिसतो,
अर्धा शेजारचा गस सांगतो
आणि तो खोटं सांगतो.
तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

गोलकीपर विकतात का कुणी मोसमाच्या मध्यात?
बदल्यात काय मिळालं,
तर पुढच्या वर्षी निवडायचं एक पोर,
ज्याचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही.
बाजारात तुरी.
हा हिशोब त्या नव्या मॅनेजरचा,
लॅपटॉपवाल्याचा, जो सामन्याला येतो
आणि बर्फाकडे बघतच नाही.

बेसबॉलवाल्यांचं वेगळं काय?
प्रशिक्षकाला काढलं, तेही फोनवर,
बिचारा मुलीच्या दातांच्या डॉक्टरकडे बसला होता.
हरले की माणूस बदलतात,
माणूस बदलला की गणवेशाचा निळा बदलतात,
मग नवा निळा आम्हाला विकतात, नव्वद डॉलरला.

आणि मालक.
मालक फ्लोरिडात उन्हात पाय सोडून म्हणतो,
स्टेडियम जुनं झालं, म्हणून जिंकत नाही.
नाचता येईना, अंगण वाकडं,
हे तर जगात सगळीकडे चालतं,
पण नवं अंगण आमच्या घरपट्टीतून?
माझ्या गल्लीतला पूल तीन वर्षं
एकाच बाजूनं चालू आहे, साहेब.
त्यावरून यायचं कसं तुमच्या अंगणात?

हे सगळं मी मोठ्यानं म्हणत होते,
एकटीच, काच वर करून,
आणि गाडी वळली कधी कळलं नाही
तळ्याकाठच्या त्या गल्लीत,
जी माझ्या यादीत सकाळी सातला असते.

तो बाहेर होता.
गोलातला राक्षस, घरी नुसता उंच माणूस,
कानटोपी, हातात धान्य उपसायचं असावं तसलं फावडं,
मागच्या सीटवर पोरीची सायकल उलटी,
तिची चाकं अजून फिरतायत.
गाडी गुडघाभर बर्फात.

मी काहीच बोलले नाही.
पातं टाकलं, दोन फेऱ्या मारल्या,
दारापासून रस्त्यापर्यंत काळं डांबर दिसेपर्यंत.
नियमात नाही हे. खासगी जागा.

तो खिडकीशी आला, लंगडत.
मी म्हणाले, गाढव आहेत ते वरचे.
तो हसला. त्याच्या त्या तुटक इंग्रजीत म्हणाला,
नाही. डावा गुडघा संपलाय.
त्यांना माहीत होतं. घेणाऱ्यांना नाही अजून.
मग थर्मासकडे बघून,
कॉफी आहे?

झाकणातच दिली.
उभ्यानं प्यायला, झाकण पुसून परत केलं,
आणि गेला, मी केलेल्या वाटेनं,
दिवा लावून, उजवीकडे.

गस शनिवारी भेटला.
लाल झाला होता, मूठ खांबावर आपटत होता,
सांग लोरेटा, सांग, गोलकीपर विकतात का कुणी?
समोर नवा पोरगा गोलात,
पहिल्या दहा मिनिटांत तीन खाल्लेले.

माझ्या तोंडाशी आलं होतं.
गुडघा. लॅपटॉपवाला. या एका वेळी बरोबर.

गाढव आहेत, मी म्हणाले. पुरते गाढव.
आणि गसनं त्याच्या पिशवीतले
अर्धे शेंगदाणे माझ्या हातावर ओतले.

चौथा गोल माझ्या बाजूला झाला.
खांबाच्या अलीकडे. स्पष्ट दिसला.